बुरांसाचा मध आणि गोजराबाईचा झेंडू

“आता मी जे सांगणार हाय ना, त्यावर तुमच्यातला एकबी माणूस विश्वास ठेवणार नाय. लावा पैज!”

सावळीरामानं सवयीनं सुरुवात केली आणि मग त्याच्या लक्षात आलं, की पैज लावायला शेडमध्ये कोणीच नाही. झेंडूचे ढीग होते, अर्ध्या बांधलेल्या शेवंतीच्या जुड्या होत्या, टेम्पोत चढवायच्या जाळ्या होत्या, माणूस नव्हतं. एक मांजर होतं, तेही उठून गेलं. सगळी वस्ती विहिरीपलीकडच्या मांडवात लोटली होती, कारण तिथं देवीचं झाड पुन्हा फुललं होतं.

देवळाली कॅम्पातून दारणा नदीच्या अंगाला उतरलं, की ही फुलमळेवाल्यांची वस्ती लागते. सिंहस्थ अजून दोन-तीन महिने लांब होता, पण साधू आधीच यायला लागले होते. काही पाहुणे नाही का, लग्न आठवड्यावर असतानाच बोचकी घेऊन उतरतात, तसे. त्यातलाच एक हिमगिरी महाराज. शिवरात्रीच्या सुमाराला तो झुंबरतात्यांच्या मळ्यात उतरला तो तिथलाच झाला. झुंबरतात्या वस्तीतले मोठे बागायतदार. गुलाबाचं पॉलिहाऊस त्यांचं, कोल्डरूमही त्यांची. त्यांनी एकदा कोणाला पाटावर बसवलं, की बाकीची वस्ती त्याच्या पाया पडायला मोकळी.

मे महिना होता. पत्र्यावर पापड टाकला तर भाजून निघावा असं ऊन. त्या उन्हात, काळ्याभोर रानात, कमरेएवढं एक झुडूप लालभडक फुलांनी असं लगडलं होतं, की पान दिसत नव्हतं. नाशकात असलं झाड कोणी पाहिलं नव्हतं. बायका लांबूनच ओटी ठेवत होत्या, म्हातारी माणसं गालांवर मारून घेत होती, आणि महाराजांचा चेला माईक गिळल्यासारखा तोंडात धरून ओरडत होता :

“भक्तहो! हा देवतरू कुठं उगवतो? जिथं गरुड पोचत नाही, हेलिकॉप्टर पोचत नाही, तिथं! मैया महाराजांच्या स्वप्नात आली. म्हणाली, बेटा, मला गोदावरीच्या मुलखात यायचंय. महाराज म्हणाले, मैया, तिथं ऊन फार. मैया म्हणाली, मी काय छत्री घेऊन फिरते? बोला, हिमगिरी मैया की…”

“जय!”

“सोमवारी फूल कोमेजतं, मंगळवारी पहाटे नवा बहर! कोण देतं?”

“मैया!”

शेवंतीवाल्या छायानं एकदा भीत भीत विचारलं होतं, “महाराज, गेल्या मंगळवारी याला चार फांद्या होत्या, आता तीनच कशा वो?” महाराजांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटले. मग म्हणाले, “एक फांदी मैयानं पोटात घेतली.” आणि छायानं, जिला रोपावरची एक कळी कमी झाली तरी कळतं, तिनं मान डोलावली!

झाड झालं दर्शनापुरतं. खरा माल बरणीत होता. त्या झाडाच्या फुलांचा लालसर मध. चमचाभर घेतला की बीपी उतरायचं. आता तुम्ही म्हणाल, हे बुवा सांगतातच. पण हा बुवा बीपीचं मशीन घेऊन बसला होता! आधी पट्टा बांधायचा, आकडा मोठ्यानं वाचायचा. मग मध, मग तासभर भजन, मग पुन्हा पट्टा. आकडा खरोखर खाली! कॅम्पातले पेन्शनर, बँकेतले साहेब, शाळेतले सर, सगळे तिथं मान खाली घालून बसायचे. “बाबा थापा मारील हो,” ते म्हणायचे, “मशीन कशाला मारील?” गोळ्यांच्या पट्ट्या मांडवात एका टोपलीत टाकायच्या, असा रिवाज पडला होता. ज्यांची भक्ती पक्की, त्यांना मंगळवारी ‘पूर्ण मात्रा’. तिनं माणसाला समाधी लागायची. पांढराफटक पडायचा, घामानं भिजायचा, आडवा व्हायचा. वर शंख.

सावळीराम मांडवाकडे निघाला तो दर्शनाला नव्हे, बायकोला आणायला.

हा सावळीराम म्हणजे पल्टणीतून पेन्शनीत निघालेला खेचरवाला. डोंगरात तोफा सुट्या करून खेचरांवर लादायच्या, त्या लादायला हा. नोकरीचा मोठा काळ त्यानं पार पूर्वेकडच्या डोंगरांत, नेपाळच्या सरहद्दीला लागून काढला, आणि परत आल्यावर उरलेलं आयुष्य त्या डोंगरांच्या गोष्टी सांगण्यात. त्याचं एक खेचर त्याच्याशी हिंदीत बोलायचं, फक्त सुभेदार आला की मुद्दाम गप्प बसायचं. एकदा पलीकडून आलेला तोफगोळा त्यानं हातात झेलला आणि “तुमचा पडला वाटतं,” म्हणून परत दिला.

दुपारी सगळे शेडमध्ये फुलं निवडायला बसले, की या गोष्टी चालायच्या, आणि त्यांचा एक कायदा होता. थाप ओळखू आली, की “थाप!” असं ओरडायचं आणि निवडून बाजूला टाकलेला कुजका झेंडू सांगणाऱ्याला मारायचा. झेंडू बसला की चहा सांगणाऱ्याकडून. वस्तीत सगळ्यांत नेम कोणाचा, तर त्याच्याच बायकोचा, गोजराबाईचा. मान वर न करता, हातातली जुडी न सोडता ती मारायची आणि बरोबर कपाळावर बसायचा. सावळीरामाची एकही थाप तिनं जन्मभर पचू दिली नव्हती.

त्याला आग याचीच होती. तीच गोजराबाई त्या मांडवात पुढच्या रांगेत हात जोडून बसली होती. तिला बीपी होतं. कॅम्पातल्या डॉक्टर मनीषांची गोळी तिला चालू होती. दोन मंगळवार तिनं चमचा-चमचा मध घेतला होता. आकडा खाली आला होता, थोडी चक्करही आली होती. महाराज म्हणाले, ती चक्कर नव्हे, पाप निघतंय.

सावळीराम मांडवाच्या तोंडाशी आला आणि तिथंच थबकला.

वास. धुपाचा वास. कापराचा नाही, लोबानाचा नाही, राळेचाही नाही. कडवट, गोडसर, थंड असा काहीतरी. तो वास नाकात गेला आणि म्हाताऱ्याच्या पायांखालचं काळं रान सरकून बर्फ आलं. तिथले डोंगरात राहणारे भोटिये लोक घाटाच्या डोक्यावर, जिथं झाडं संपतात आणि जमिनीला चिकटलेली गुडघाभर झुडपं उरतात, तिथं त्याच झुडपांची पानं जाळायचे. तो धूर अंगावर घेतच खेचरं घाट उतरायची. खाली उतरत गेलं की तीच झुडपं माणसाएवढी व्हायची, आणखी खाली आंब्याएवढे वृक्ष, आणि चैतात तो अख्खा डोंगर पेटल्यासारखा लाल. त्या झाडाला कोणी बुरांस म्हणायचं, तिकडचे लोक गुरांस म्हणायचे. आणि त्या जंगलात शिरण्याआधी खेचरवाले काय करायचे? प्रत्येक खेचराच्या तोंडाला मुसकं बांधायचे.

सावळीराम उलट पावली शेडकडे पळाला. दर्शन संपवून मंडळी परत आली, फुलं निवडायला बसली, तेव्हा तो उभाच होता.

“ऐका! तो मध खाऊ नका. ते बुरांसाचं झाड हाय. त्याचं पान खाल्लं तर खेचर फेस गाळून आडवं पडतं. आमी मुसकी बांधून न्यायचो.”

“आली गाडी डोंगराला,” छाया हसली.

“खरं सांगतो! त्याच्या फुलाचा मध खाल्लेला आमचा हवालदार उभ्या उभ्या कोसळला. लाल मध!”

“मग मधमाशी का वो नाय मरत?” कोणीतरी विचारलं.

“तिला काय होत नाय. मानसाला होतं.”

“थाप!” एक झेंडू त्याच्या खांद्यावर बसला.

“आरं, मी पाह्यलेलं झाड हाय ते! थंडी पडली की त्याची पानं आपोआप विडीसारखी गुंडाळतात, ऊन आलं की उलगडतात…”

“थाप! थाप!” आता पाऊसच पडला झेंडूंचा. “खेचर त्याच विड्या वढत आसंल!” आणि शेडभर हशा.

गंमत बघा. मधमाशीचं खरं होतं, मुसक्याचं खरं होतं, हवालदाराचंही खरं होतं. पानं विडीसारखी वळतात हेही अगदी खरं. बुरांसाचं झाड कडाक्याच्या थंडीत तसंच करतं. म्हाताऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा ओळीनं चार खऱ्या गोष्टी सांगितल्या आणि चारींना झेंडू खाल्ले.

शेवटचा झेंडू कपाळावर बसला. तो कोणाचा हे बघायची गरज नव्हती.

“गोजरे,” तो हळू आवाजात म्हणाला, “ही थाप नाय गं.”

“आवो, तुमी एक तरी गोष्ट आजवर खरी सांगितली आसती, तर ही मानली आसती,” गोजराबाई म्हणाली. “मशीन खोटं बोलतंय व्हय? पुढच्या मंगळवारी माझी पूर्ण मात्रा हाय. आन हे बघा, मी काय खुळी नाय. टोपलीत गोळ्या टाकल्या नाय मी. गोळीबी घेती आन मधबी घेती. दुप्पट गुण यील.”

आठवडाभर त्यानं नाना तऱ्हा केल्या. भांडला, रुसला, पाया पडायचाही प्रयत्न केला. झुंबरतात्यांकडे गेला तर ते म्हणाले, “सावळीराम, वय झालं आता. देवाच्या बाबतीत तरी थट्टा करू नको.” मंगळवारी सकाळी तो उठला तेव्हा गोजराबाईचं अंथरूण घडी घालून ठेवलेलं होतं आणि चूल थंड होती. उपाशीपोटी मात्रा घ्यायची होती ना!

तो मांडवाकडे गेला नाही. तिथं आपल्याला कोण विचारतं हे त्याला ठाऊक होतं. तो कॅम्पाकडे धावला. डॉक्टर मनीषांनी दवाखाना नुकताच उघडला होता.

“डॉक्टरीणबाई, माझं ऐका, आन आजच्या दिवस हसू नका,” म्हणून त्यानं एका दमात सगळं ओकलं. झाड, मुसकी, हवालदार, मध.

डॉक्टर हसल्या नाहीत. खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या. “काका, आधी सांगा, यातलं खरं किती?”

सावळीराम गोंधळला. हा प्रश्न त्याला कोणी कधी विचारलाच नव्हता. लोक एकतर ऐकायचे, नाहीतर झेंडू मारायचे. ती गोष्ट त्यानं इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली होती, की मूळ रोप कोणतं आणि वरचं कलम कोणतं, हे त्याचं त्यालाच कळेना.

“मधमाशी चिमणीएवढी होती, ती थाप,” तो बोटांवर मोजत म्हणाला. “हवालदार मध खाऊन झाडाला सलाम ठोकत होता, तीबी थाप. पन पडला, हे खरं. थंडगार पडला, वकला, घामानं कपडे भिजले. आन नाडी आशी हळू, की दोन ठोक्यांच्या मधी मानूस विडी पेटवील.”

“हे?”

“विडीचं थाप. नाडी लय हळू होती, ते खरं. दुसऱ्या दिशी आपोआप उठून बसला, तेबी खरं.”

डॉक्टरांचा चेहरा बदलला. “गेल्या महिन्यात तुमच्या वस्तीतली दोन माणसं माझ्याकडे आली. नाडी चाळिशीच्या आत, बीपी लागत नव्हतं. मी हार्टचं दुखणं समजून पुढं पाठवली. दुसऱ्या दिवशी दोघांची ईसीजीची पट्टी एकदम नॉर्मल. मला काही केल्या कळेना.” त्यांनी कपाटातलं जाडजूड पुस्तक काढलं, विषांचं प्रकरण उघडलं, पान सापडेपर्यंत ओळींवरून बोट फिरवत राहिल्या. मग वाचलं, आणि पुस्तक मिटलं. “बरोबर आहे. बुरांसाच्या कुळातल्या काही झाडांच्या फुलरसात विष असतं. ते मधात उतरतं. नाडी मंद करतं, बीपी पाडतं. औषध म्हणून नाही काका, विषबाधा म्हणून पाडतं! मशीन खरंच बोलत होतं. खोटा होता तो मशीन वाचणारा.” आणि मग एकदम, “काकू माझी गोळी घेतात ना अजून?”

“घेती की. मधबी आन गोळीबी. दुप्पट गुण म्हनती.”

“काका, ती गोळीसुद्धा नाडी मंदच करते!”

बॅग, सलाईनच्या बाटल्या, इंजेक्शनं. मागच्या सीटवर सावळीराम. स्कूटर उतारावरून निघाली.

मांडवात भजन टिपेला पोचलं होतं. मध देऊन तास होत आला होता. एवढं लांबलचक भजन कशासाठी, हे आता कळलं असेल तुम्हाला. विष चढायला वेळ लागतो. तेवढा वेळ टाळ कुटायचे.

गोजराबाई आडवी पडली होती. गळ्यात झेंडूचा हार, ओठ निळसर, कपाळावर घामाचे थेंब. बाजूला तिचीच उलटी, तिच्यावर कोणीतरी भस्म टाकलेलं. महाराज हात वर करून उभे होते. “बघा! भाग्यवान आत्मा! मैयानं मांडीवर घेतलं!” चेल्यानं शंख फुंकला.

“बाजूला व्हा, मी डॉक्टर आहे!” मनीषा गर्दीत शिरल्या. गर्दी हलली नाही. झुंबरतात्या आडवे आले.

“डॉक्टरीणबाई, आधी चपला काढा.”

“तात्या, ती बाई मरतेय!”

“समाधी मोडली तर दोष लागंल. चपला काढा, मग बोलू.”

हे बोलणारा माणूस दुष्ट नव्हता, बरं का. गोजराबाईच्या थोरलीच्या लग्नात यानं मांडव घातला होता. पण तिथं शे-सव्वाशे चांगली माणसं उभी होती आणि त्यातल्या एकालाही निळे पडलेले ओठ दिसत नव्हते. चपला दिसत होत्या.

सावळीरामानं एकदा गोजराबाईकडे पाहिलं. मग जे आयुष्यभर केलं, तेच त्यानं केलं. ताणून एक किंकाळी फोडली, डोळे पांढरे केले, टोपी भिरकावली आणि गर्दीच्या मधोमध घुमायला लागला.

“ए-ए-ए! कोन आडवं येतंय माझ्या वाटंत! मी हिमगिरीची मैया! ह्या लेकराला डॉक्टरनीचा हात लागू द्या! जो आडवा यील, त्याच्या रोपाला फूल धरनार नाय!”

गर्दी अशी फाटली, जशी कात्रीनं कापड. लोक पटापट वाकले. झुंबरतात्यांनी तर साष्टांगच घातला. डॉक्टर त्यांना ओलांडून गेल्या, चपलांसकट!

पाय उंच करवले, नाडी धरली, नस शोधली, इंजेक्शन, मग सलाईन. बाटली धरायला छाया पुढं आली. सावळीराम अजून घुमतच होता, पण एक डोळा उघडा ठेवून. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मान वर केली. “येतेय. नाडी येतेय.” गोजराबाईच्या ओठांवर रंग चढला.

महाराज वाया जाऊ देणाऱ्यातले नव्हते. “पाहिलंत? मैया खुद्द बोलली! मैयानंच वाचवलं!”

“मैयाच्या आयला!” सावळीराम घुमायचा थांबला. त्याचा आवाज असा चढला, की शंखवाल्याच्या हातातून शंख सुटला. “मैया-बिया कोन नव्हतं! मी होतो! थाप होती ती! आयुष्यातली सगळ्यात घाणेरडी थाप मारली मी, आन तुमी पाया पडलात! का नाय मारला झेंडू? आं? गेल्या मंगळवारी खरं सांगितलं, तर मारून मारून पिवळा केला मला. आन आज डोळे पांढरे केले, तर तात्या आडवे पडले! माझी बायको मरत होती रे! तिला चपलेपायी मारत होता तुमी!”

तो तसाच झाडाकडे गेला. चेला आडवा आला, त्याला त्यानं अडेल खेचराला ढकलावं तसं ढकललं. दोन्ही हातांनी बुंधा धरला आणि उपटला. एवढा जोर लावायची गरजच नव्हती. झाड अलगद आलं. खाली प्लास्टिकची कुंडी. कुंडी निसटली, आणि त्या काळ्याभोर रानात लालचुटूक मातीचा गड्डा पडला.

फुलमळेवाल्यांना आणखी काही सांगायला लागत नाही. काळ्या मातीत लाल माती म्हणजे रोप नर्सरीतलं. छाया सलाईनची बाटली धरूनच ओरडली, “आगं बाई! म्हनून फांद्या कमी-जास्त व्हायच्या! दर सोमवारी कुंडीच बदलत होता मुडदा!”

“हे अझेलिया,” डॉक्टर म्हणाल्या. “बुरांसाच्याच कुळातलं. कॅम्पातल्या साहेबांच्या बायका दार्जिलिंगहून हौसेनं आणतात, आपल्या उन्हात आठवड्यात माना टाकतं. थंडीत ठेवलं की कळ्या दबून राहतात, आणि तिथून उबेत काढलं की एकदम उमलतात. याला एवढी थंडी नाशकात कुठं मिळाली, तेवढं विचारा.”

सगळ्यांच्या माना झुंबरतात्यांकडे वळल्या. तात्या अजून जमिनीवरच होते. तोंडाला माती लागलेली.

“शिवरात्रीला…” ते चाचरले, “महाराजांनी यज्ञाची खोकी म्हनून ठेवली कोल्डरूममधी. म्हनले, उघडू नका, तेज जातं.”

“तात्या!” छाया म्हणाली, “आवो, तुमी स्वता फेब्रुवारीत गुलाबाच्या कळ्या त्याच खोलीत दाबून ठेवता, चौदा तारखंला बाहेर काढता! तुमचीच आयडिया तुमाला चमत्कार म्हनून दाखवली त्यानं!”

महाराज मागच्या कनातीकडे सरकत होते. “अश्रद्धांनो! मैया कोपेल! हा मध मी रोज…”

“थाप.”

आवाज अगदी बारीक होता. गोजराबाई मान उचलून बघत होती. सुई नसलेल्या हातानं तिनं गळ्यातल्या हारातलं एक फूल तोडलं होतं. तिनं ते मारलं. हातात जीव नव्हता. झेंडू चार हातांवरच पडला. ती आयुष्यात पहिल्यांदा चुकली.

पण तेवढं पुरलं. मांडवभर झेंडूच झेंडू बांधले होते. सगळी तोरणं एका क्षणात उतरली. “थाप! थाप!” हिमगिरी महाराज पिवळे होत होत पळाले ते बांधावर अडखळून पडले, आणि कॅम्पातले पोलीस येईपर्यंत छायाच्या दिरानं त्यांना तिथंच बसवून ठेवलं. मध पोलिसांनी नेला; बरण्या महाराजांनी नेपाळातून मागवलेल्या निघाल्या. बीपीचं मशीन डॉक्टरांनी तिथंच मांडलं, एकेकाची नाडी पाहिली, दोघांना सलाईन लावली, टोपलीतल्या गोळ्या ज्याच्या त्याला परत दिल्या.

त्या काम करता करता बोलत होत्या, कोणाकडे न बघता. “बीपी उतरलं, एवढ्यानं माणूस बरा होत नाही. मेल्यावरही बीपी उतरतंच. का उतरलं, हे विचारा. झाड फुललं, तर हात जोडायच्या आधी खालची माती उकरून बघा. तुम्ही रोप घेताना मुळी बघता, औषध घेताना तारीख बघता. मग बाबा घेताना डोळे का मिटता? मी सांगते तेही तपासून घ्या. मला राग येणार नाही. विचारलं की ज्याला राग येतो, त्याच्याकडे काहीतरी लपवलेलं असतं.”

सिंहस्थ आला आणि गेला. गोजराबाई खडखडीत बरी झाली. गोळी तेवढी चालू आहे. शेडमध्ये दुपारी पुन्हा फुलं निवडणं सुरू झालं आणि सावळीरामाला एक नवी गोष्ट मिळाली. ती तो रोज सांगू लागला. रोज डॉक्टरांच्या स्कूटरचा वेग वाढत गेला. एके दिवशी ती दारणेवरून उडाली, तेव्हा त्याला झेंडू बसला आणि चहा झाला. मैया अंगात येण्याचा भाग तर लोक त्याच्याकडून पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. डोळे पांढरे केले की पोरं लोळून हसायची. ज्यांनी त्या दिवशी साष्टांग घातला होता, तेही हसायचे.

अशाच एका दुपारी त्यानं गोष्ट शेवटाला आणली. हात पुसले, टोपी नीट केली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाला,

“तर मंडळी, तो दिवस आन आजचा दिवस. आपल्या वस्तीतलं एक मानूस पुन्हा कुठल्या बुवाच्या नादी लागलं नाय.”

खट्! झेंडू. बरोबर कपाळावर.

“थाप!” गोजराबाई मान वर न करता, हातातली जुडी न सोडता म्हणाली. “झुंबरतात्या सकाळीच जीप करून कळवणकडं गेले. तिथं कोनीतरी पान्यावर चालतो म्हनं.”

सावळीरामानं कपाळावरची पाकळी पुसली आणि मुकाट्यानं चहा सांगायला उठला.